महादेवचे गमबूट

गेल्या फेब्रुवारीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सूचना आली. ‘कर्मचाऱ्यांनी आपली दुर्गंधीयुक्त पादत्राणे जिन्याखाली, पंपरूममध्ये किंवा कोणत्याही सामायिक जागेत ठेवू नयेत.’ खाली सेक्रेटरी चारुदत्त यांचे नाव. संध्याकाळपर्यंत एकोणतीस जणांनी सूचनेखाली अंगठ्याचे चित्र लावले. त्यात एक माझे होते.

पादत्राणे म्हणजे गमबूट आणि कर्मचारी म्हणजे महादेव. दुसरे कोणी गमबूट वापरतच नव्हते. माणसाचे नाव न घेता त्याच्यावर नोटीस काढायची ही पद्धत मला चांगली माहीत आहे. नोकरीत असताना असल्या नोटिसा मीच टाइप करून फळ्यावर लावत असे.

वास येत होता, हे खरे. आमची सोसायटी पनवेलच्या खाडीकडच्या बाजूला, भराव टाकून उभी केलेली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी आमच्या गटारातून उलटे आत येते. गटाराच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. पाणी त्या जाळीवर काय काय आणून टाकते ते लिहायला नको, पण लिहितो. कोंबड्यांची पिसे, थर्मोकोल, बाळांचे फुगलेले लंगोट, देवाची फुले, बायकांच्या वापरातले कागदात न गुंडाळलेले कापूस, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा काळा चिकट गाळ. ते सगळे आमच्याच घरांतून गेलेले असते, आणि आमच्याकडेच परत येते. महादेव त्या गाळात गुडघाभर उतरतो आणि फावड्याने जाळी मोकळी करतो. ती नाही केली तर तासाभरात पार्किंगमध्ये गाड्यांच्या चाकांना पाणी लागते. उधाण नसेल त्या दिवशी झाडलोट, कचऱ्याचे डबे, बाग आणि तीच जाळी. अकरा वर्षे तो हे करतो आहे. मी त्याला अरे-तुरे करतो. तो माझ्याहून अठरा वर्षांनी लहान आहे, पण कारण ते नाही.

उधाण केव्हा येणार हे त्याला मोबाइलमध्ये बघावे लागत नाही. त्याचा बाप मिठागरात होता, तोही पंचविशीपर्यंत तिथेच होता. तिथी सांगितली की तो पाण्याची वेळ सांगतो. चारुदत्तांना याचे कौतुक आहे. पाहुण्यांसमोर ते त्याला बोलावून विचारतात, आणि महादेव उभ्या उभ्या उत्तर देऊन जातो.

त्याचे ते गमबूट चारुदत्तांनीच त्याच जानेवारीत ऑनलाइन मागवले होते. चार कर्मचारी म्हणून चार जोड, सगळे नऊ नंबरचे. बाकी तिघांनी ते घरी नेले. काळे, चकचकीत, वर हिरवी पट्टी. महादेवला आठ नंबर लागतो, पण पाऊल पुढे पसरट आहे. त्याने पुढे फडके कोंबले आणि वापरायला सुरुवात केली.

सूचना आल्यावर त्याने बूट जिन्याखालून उचलले आणि कंपाउंडच्या भिंतीवर, भाल्यासारख्या लोखंडी गजांच्या टोकांवर उलटे अडकवले. ती भिंत पश्चिमेची. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. जाळीचे काम संपले की बूट धुऊन भिंतीवर, सकाळी काढून पायात. दुपारचे ऊन सरळ त्यांच्यावर. मी माझ्या मागच्या खिडकीतून रोज ते बघत होतो. मे अखेर त्यांची चकाकी गेली होती आणि घोट्याजवळ, जिथे पाय वाकतो तिथे, बारीक रेघा उमटल्या होत्या. मला वाटले, धुळीच्या असतील.

जूनमध्ये डावा बूट त्या रेघेवर फाटला. महादेवने सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. तो निघाला, पुन्हा चिकटवला. मग तो चारुदत्तांना सांगायला गेला. माझे दार त्यांच्या दारासमोर आहे, त्यामुळे मी ऐकले.

“साहेब, बूट गेला.”

“अरे, सहा महिनेसुद्धा झाले नाहीत. काय खातोस काय बूट?”

“ऊन खातं, साहेब. मी नाय.”

“तू एजन्सीचा माणूस आहेस, महादेव. आम्ही दिले ते चांगुलपणा म्हणून. आता एजन्सीला सांग.”

एजन्सीला त्याने सांगितले की नाही मला माहीत नाही. सांगितले असते तरी काही झाले नसते.

जुलैत एका सकाळी मी फाटकाजवळच्या बाकावर पेपर वाचत बसलो होतो. महादेव जाळीकडून आला, बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला आणि त्याने डावा बूट उपसला. आतून तांब्याभर काळे पाणी पडले. मग त्याने मोजा काढला. तो सोलावा तसा काढावा लागला. पाऊल पांढरे फटक, पाण्यात राहिलेल्या कागदासारखे. बोटांच्या बेचक्यांत मांस उघडे पडलेले. करंगळी जांभळी-काळी आणि तिच्या कडेने पिवळे काहीतरी. आणि तो वास. बुटाचा वास मला ठाऊक होता. हा वेगळा होता.

मी उठलो. पेपर घडी करून काखेत मारला आणि घरी आलो. दुपारी ताट वाढून घेतले आणि तसेच झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको जनी आली. ती करंजा बंदरातून सुकी मासळी आणते आणि आमच्या इमारतींत दारोदार विकते. चारुदत्तांच्या पत्नी नीता तिच्याकडून सोडे घेतात. निवडून घेतात, हुंगून घेतात. त्या दिवशी त्या घरी नव्हत्या, म्हणून जनी टोपली माझ्या दाराशी उतरवून पाणी प्यायला बसली.

“काल तुमी त्यांचा पाय बघितला ना, काका?”

मी हो म्हणालो.

“डॉक्टर बोलला, साखर हाय. पाय कोरडा ठेवा. नायतर बोट जाईल, नि मग पाऊल. आता सांगा, गटारात पाय कोरडा कसा ठेवतात?”

“रजा घेऊ दे ना त्याला. पंधरा दिवस.”

“घेतली की. चार दिवस घेतली मागं. एजन्सीनं पाचव्या दिवशी दुसरा माणूस धाडला होता. हे पट्टी बांधून पळत आले.” तिने तांब्या खाली ठेवला. “फुटका बूट बिनबुटापेक्षा वाईट, काका. उघडा पाय भिजला तर वाळतो तरी. ह्यात पानी जातं ते निघत नाय. दिवसभर पाय लोणच्यासारखा.”

“बूट उन्हात नको होते ठेवायला,” मी म्हणालो.

जनीने माझ्याकडे बघितले. मग तिने टोपलीवरचे फडके सारखे केले. “सुकटीचा वास तुमाला चालतो. बुटाचा नाय चालत. मग बूट जाणार कुटं? उन्हातच.”

तिने ते सरळ आवाजात सांगितले आणि टोपली उचलून वरच्या मजल्यावर गेली. माझ्या नावाचा अंगठा तिला माहीत असण्याचे कारण नव्हते. तरी मी दार लावून घेतले.

त्या रविवारी सोसायटीची सभा होती. मी एका कागदावर दोन ओळी लिहून नेल्या होत्या: महादेवला चांगले गमबूट द्यावेत आणि ते सावलीत ठेवण्यास जागा द्यावी. सभेत पाऊण तास लिफ्टमधल्या आरशावर चर्चा झाली. साधा की कडेने नक्षीचा. चारुदत्तांनी शेवटी माझ्याकडे बघून विचारले, “काका, तुम्हाला काही म्हणायचंय?” मी नाही म्हणालो. कागद खिशातच राहिला. मग चहा आला आणि बटाटेवडे आले. मी दोन खाल्ले.

सोमवारी सकाळी मी महादेवला म्हणालो, “दुपारी माझ्याबरोबर बाजारात चल. बूट घेऊ.” पैशांचा विषय इथे नको.

जुन्या पनवेलच्या बाजारात ताडपत्री, दोर, जाळी आणि गमबूट विकणारे एक दुकान आहे. दुकानदार माझ्या वयाचे, मेंदी लावलेली दाढी. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी आपला दारातल्या ढिगातला एक जोड उचलला. काळा, चकचकीत, वर पट्टी. हुबेहूब पहिल्यासारखाच. मला तो बरा वाटला होता.

महादेवने तो माझ्या हातातून घेतला आणि नाकाला लावला. मग माझ्या नाकाला लावला. “बघा.”

जळक्या टायरसारखा भपकारा आला.

“जुन्या चपला, टायर, काय काय वितळवून ओततात. चमकतो, पन आत जीव नाय.” त्याने बूट घोट्याशी मुडपला आणि दाबून धरला. काळ्या रबरावर पांढरी रेघ उठली. “हितंच फाटनार. हितंच फाटला तो.”

चाचांनी दुसरा जोड काढला. जाड, भारी, पुढे बोटांवर पोलादी वाटी. “ये कंपनीवाले घेतात. वरून गाडी गेली तरी बोट सलामत.”

“माझ्या पायावरून गाडी नाय जात, चाचा. खाऱ्या पान्यात लोखंड सहा महिन्यांत फुगतं. नि चिखलात हे नांगरासारखं रुततं.” त्याने तोही खाली ठेवला. “करंजाचे बोटवाले घेतात ते दाखवा.”

“असं आधी बोला ना,” चाचा म्हणाले आणि माळ्यावरून एक मळकट खोके काढले.

त्यातले बूट दिसायला अगदी सामान्य. मळकट पांढरे, कसलीही चकाकी नाही. महादेवने पहिला उलटा केला. तळाच्या नक्षीतल्या खाचा खोल आणि लांब लांब होत्या. जवळ असल्या तर त्यांत गाळ भरून राहतो आणि तळ गुळगुळीत होतो, असे त्याने मला सांगितले. मग तळ आणि वरचा भाग जिथे जोडला जातो तिथून त्याने नख फिरवले. नख कुठे अडले नाही. अख्खा बूट एका साच्यातला. घोट्याशी मुडपला, रेघ उठली नाही, आणि सोडल्यावर तो स्वतःच सरळ झाला. आत हात घालून त्याने अस्तर चाचपले. जाड अस्तर असेल तर ते ओले होऊन चार दिवस वाळत नाही. हे पातळ होते.

मग त्याने बादली मागितली.

“बादली?” चाचा म्हणाले.

“पान्याची.”

चाचांनी मागून बादली आणून दिली. महादेवने बूट उभा धरून काठापर्यंत पाण्यात दाबला, दुसरा हात आत घातला आणि तसाच थांबला. आम्ही तिघे एका बुटाकडे बघत उभे राहिलो. रस्त्यावरची माणसे आमच्याकडे बघत होती.

“भाऊ, लग्नाला मुलगी बघताय काय?” चाचा म्हणाले.

“मुलगी बघाया एवढा येळ लावला नव्हता.”

हात कोरडा निघाला. मग दुसरा बूट. तोही कोरडा. महादेवने उजवा पायात घातला, चार पावले चालला आणि म्हणाला, “आता चिखल पायजे.”

चाचा हसले. “चिखल आमी नाय विकत.”

महादेव माझ्याकडे वळला. “काका, तुमी जरा चिखल व्हा.”

मला कळले नाही. त्याने समजावून सांगितले. मिठागरात बूट घेताना एकाने खाली बसून बूट दोन्ही हातांनी आवळून धरायचा आणि दुसऱ्याने पाय उपसायचा. गाळ जसा धरतो तसे धरायचे. टाच आतून सुटली तर तो बूट गाळात राहणार आणि माणूस पायमोज्यावर उभा राहणार, मग हातात फावडे असो की डोक्यावर मिठाची पाटी. टाच सुटली नाही तर बूट आपला.

चाचा गिऱ्हाईक बघायला वळले होते. मी गुडघ्यांवर बसलो. माझे गुडघे वाजले. मी दोन्ही हातांनी बूट धरला, टाचेकडून आणि पुढून.

“घट्ट.”

मी घट्ट धरले. त्याने पाय उपसला आणि तो सहज बाहेर आला. नऊ नंबर होता. मोजा माझ्या तोंडापासून वीतभर. हा उजवा, चांगला पाय. तरी मी मान फिरवली आणि श्वास धरला. महादेवने ते बघितले.

चाचांनी आठ नंबर काढला. महादेवने या वेळी तो डाव्या पायात घातला. पट्टीवर दोन मोजे चढवलेले होते. घालताना त्याने ओठ दाबून धरले. मी पुन्हा बूट धरला. त्याने टाच आधी उचलली, मग पंजा. बूट माझ्या हातांत वळला, पण पाय आतून सुटला नाही. त्याने आणखी जोर केला तसा मीच पुढे ओढला गेलो आणि माझे कपाळ त्याच्या गुडघ्यावर आपटले.

“हा,” महादेव म्हणाला.

“अहो काका! पडलात का?”

दुकानाच्या पायरीशी नीता उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. मी महादेवच्या पायाशी, दोन्ही हातांत त्याचा बूट धरून बसलेला.

“नाही, नाही. बूट बघतोय.”

“असे?”

त्या रूमाल नाकाशी धरून गेल्या. दुकानात वास नव्हता. सवय.

परत येताना रिक्षात महादेव खोके मांडीवर घेऊन बसला. “काका, हे उन्हात नाय ठेवायचे. सावलीत, वाऱ्यावर, उलटे काठीवर. मग दोन-तीन वर्षं बघायला नको.”

“कुठे ठेवशील?”

“तेच बोलतोय.”

जिना नाही, पंपरूम नाही. वॉचमनच्या खोलीत चारुदत्तांनी नवी खुर्ची आणि देवाचा फोटो ठेवला होता. महादेवचे घर दोन बस पलीकडे. चिखलाचे बूट घेऊन रोज बसमध्ये चढू देत नाहीत. मी म्हणालो, “माझ्या दाराबाहेर रॅक आहे. त्यावर ठेव.” बोलून गेलो आणि लगेच वाटले, नको होते बोलायला.

बूट माझ्या रॅकवर पूर्ण दोन दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चारुदत्तांनी बेल वाजवली. त्यांच्यामागे त्यांचे दार अर्धे उघडे होते.

“काका, महादेवचे गमबूट तुमच्याकडे?”

“माझे आहेत,” मी म्हणालो.

“तुमचे?”

“पावती माझ्या नावावर आहे.”

“तुम्ही गमबूट घालून कुठे जाता, काका?”

“तुळशीला पाणी घालायला.”

त्यांनी माझ्या दारातल्या तुळशीकडे बघितले. ती आइस्क्रीमच्या डब्यात लावलेली आहे. अर्ध्या दारामागे नीता हसल्या.

“हे बघा, राग नाही. पण पॅसेज सामायिक आहे. नियम सगळ्यांना सारखा.”

“बरं. मग आत घेतो.”

ते मी धैर्याने म्हणालो नाही. वाद संपावा म्हणून म्हणालो. त्यांनी खांदे उडवले आणि ते गेले. मी बूट चिमटीत धरून घरात आणले आणि गॅलरीच्या कठड्याला दोन काठ्या बांधून त्यांवर उलटे ठेवले. गॅलरी पूर्वेची, दुपारनंतर सावली, वारा भरपूर. मी सकाळचा चहा तिथेच घेतो. पावसाळाभर त्या चहाला गाळाचा वास येत होता. मला त्याची सवय झाली, असे लिहायला बरे दिसेल. झाली नाही. काही दिवस मी चहा स्वयंपाकघरात, उभ्याने प्यायलो.

महादेव सकाळी सातला दाराशी येतो. मी बूट देतो. संध्याकाळी तो धुऊन आणतो, मी घेतो. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा असतो. बूट माझ्या घरात आले, तो आला नाही. मी त्याला आत ये म्हणालो नाही, आणि त्याने पाऊल टाकले नाही.

ऑगस्टमध्ये करंगळी काढावी लागली. नव्या बुटांत पाणी गेले नव्हते, एकदाही नाही. पण फाटक्या बुटातले आठवडे आधीच पायात मुरले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस तसेच गेले असते तर घोट्यापर्यंत जावे लागले असते. ग्रुपवर चारुदत्तांनी ‘लवकर बरे व्हा’ असे लिहिले. खाली हात जोडल्याची चित्रे, बत्तीस. महादेव त्या ग्रुपवर नाही. या वेळी मी काही लावले नाही. त्याने काय फरक पडतो ते मला ठाऊक आहे.

एजन्सीने दुसरा माणूस पाठवला. त्याने भाद्रपदातल्या पौर्णिमेला जाळी मोकळी केली नाही, कारण त्याला कोणी तिथी सांगितली नव्हती, आणि चारुदत्तांची नवी गाडी दरवाजापर्यंत त्या पाण्यात उभी राहिली. चौथ्या दिवशी महादेवला फोन गेला. मला त्यात आनंद वाटला, आणि आनंद वाटल्याची शिसारी आली.

तो परत आला तेव्हा जखम भरली होती. डाव्या बुटात करंगळीच्या जागी त्याने फडक्याची गुंडाळी बसवली होती. अमावास्येच्या दिवशी तो जाळीवर उतरला. मी गॅलरीतून बघत होतो. पाणी पोटरीपर्यंत आले, काळे, वर फेस आणि पिसे. त्याने टाच आधी उचलली, मग पंजा, आणि बूट पायासकट गाळातून सुटून आला. दोन तास तो तिथे होता.

मग तो माझ्या दाराशी आला. बूट बाहेर नळावर धुतलेले होते. त्याने डावा काढला आणि उलटा केला. काही पडले नाही. मोजा काढून माझ्यापुढे धरला.

“हात लावून बघा, काका.”

“दिसतोय की. कोरडा आहे.”

“दिसून काय कळतंय? लावा ना.”

मी हात लावला. मोजा कोरडा होता, आतून ऊबदार. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितले, समाधानाने मान हलवली आणि बूट माझ्या हातात देऊन गेला.

मी बूट गॅलरीत काठ्यांवर उलटे ठेवले. मग आत जाऊन दोनदा साबणाने हात धुतले.